कोचकोलू उताराची सुधारणा

जागेचा स्वभाव तिच्या नावावर अवलंबून असतो, हे आता सगळ्या सुधारलेल्या गावांनी मान्य केलं आहे. आमचं तेरे-केचू उशिरा सुधारलं, पण सुधारलं. मी गावच्या नामकरण समितीचा सचिव असल्यामुळे हे अधिकारवाणीने सांगू शकतो.

आमच्या वाडवडिलांना नावं द्यायची अक्कल नव्हती. त्यांनी खोऱ्यात दिलेली त्रेसष्ट नावं समितीने तपासली. एकोणीस पाण्याविषयी तक्रार करतात, अकरा मेंढ्या कुठे मेल्या ते सांगतात, आणि उरलेल्यांत एकाही मोठ्या माणसाचा उल्लेख नाही. सगळ्यात वाईट नाव कोचकोलू, म्हणजे डोंगर जिथे खाली येतो ती जागा. अशा ठिकाणी पाहुण्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं?

म्हणून आम्ही रीतसर पद्धत घातली. ज्याला आपल्या बापाचं नाव एखाद्या जागेला द्यायचं असेल त्याने घोडा कापून गावजेवण घालायचं आणि मानाप्रमाणे हाडं वाटायची. ज्याने मांस घेतलं त्याने आशीर्वाद दिला, असं आमच्यात समजतात. (मतदानापेक्षा हे बरं, मतदानाला एवढी गर्दी होत नाही.) राजधानीत, बिश्केकमध्ये, मोटारी विकणाऱ्या मामातुरापने दोन घोडे कापले आणि कोचकोलूचं असनकुल-आता झालं. असनकुल हे त्याचे वडील, आणि आमच्या भाषेत ‘आता’ म्हणजे बाप. ते त्या उतारावर कधी गेले नव्हते. त्यांना उंचीची भीती वाटे.

फायदा लगेच दिसला. जिल्ह्याच्या धोकादायक ठिकाणांच्या यादीप्रमाणे कोचकोलूवर बांधकामाला बंदी होती. असनकुल-आतावर नव्हती. अभियंत्यांना पन्नास वर्षांत जो उतार सुरक्षित करता आला नाही, तो आम्ही एका दुपारी, जेवता जेवता केला. तिथे वीस भूखंड पाडले. पहिला मिळाला तिलेबाल्दीला. तो नऊ वर्षं रशियात दुसऱ्यांची घरं बांधून नुकताच परतला होता.

त्याची आई, झूराकान आपा, अर्ज घेऊन आली, की माझ्या लेकाला दुसरीकडे जागा द्या. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, कोचकोलू. मी अदबीने सांगितलं, या नावाची जागा नोंदीत नाही. शिवाय जेवणात तुम्ही कंबरेचं मानाचं हाड घेतलंत. ती म्हणाली, खाल्लं कुठे, पिशवीतून नेऊन कुत्र्याला घातलं. मी नोंद केली : आशीर्वाद प्राप्त, कुत्र्यामार्फत.

घर उभं राहिलं. निळं छप्पर, मोठ्या खिडक्या. मग आपाने हट्ट धरला, की बर्फ वितळायला लागल्यापासून जर्दाळूला फळ धरेपर्यंत त्या घरात कोणी झोपायचं नाही. सून भडकली. म्हातारीला आमचा संसार बघवत नाही, असं गावभर सांगत सुटली, आणि मीही सुनेचीच बाजू घेतली. पण मुलाबाळांसकट सगळे आपाच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहिले.

एप्रिलात चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी पहाटे डोंगर खाली आला. माणसं वाचली, घर गेलं. निळ्या पत्र्याचा एक कोपरा चिखलाबाहेर राहिला होता आणि तिलेबाल्दी तो हाताने उकरत बसला होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही, हे सरळ सांगतो.

दुसऱ्या जागेसाठीचा त्याचा अर्ज समितीने नियमाप्रमाणे नाकारला. दरड यादीतल्या ठिकाणीच कोसळते. असनकुल-आता यादीत नाही. सबब दरड कोसळलेली नाही. आपाने निकाल माझ्याकडून वाचून घेतला आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला.

"सबिरकुल, खाली एक ओळ घाल बाबा," ती म्हणाली. "डोंगराला वाचता येत नाही."

ती ओळ मी घातली नाही. तसा रकाना नाही.

उताराच्या वरच्या अंगाला अजून सात भूखंड शिल्लक आहेत. हवा चांगली, नाव भारदस्त. जुनं नाव मी कोणापासून लपवत नाही, विचारलं तर लगेच सांगेन. गिऱ्हाइकं पाण्याचं विचारतात, विजेचं विचारतात, गाडी दारापर्यंत येते का ते विचारतात. तुम्ही तरी तुमचं घर घेताना आणखी काय विचारलं होतंत?