सटवोजी ढमढेरे यांनीं वीस रत्तलांची तात बांधिली त्याची हकीकत

श्रीविघ्नहर समर्थ. जो हलक्या हातास बळ देतो आणि भारी हातास शहाणपण देतो त्यास दंडवत घालून, शके १७०७ विश्वावसुनाम संवत्सरीं आपले राज्यांत जें वर्तमान घडलें तें जैसें पाहिलें तैसें लिहिलें असे. वाचणारांनीं राग मानूं नये. लिहिणाराही त्यांत शहाणा ठरला नाहीं.

राज्याचे उत्तरेस मोठें तळें आणि तळ्यापलीकडे शेजारचें राज्य. पाण्यावरून पूर्वीं काठ्या चालत आणि माणसें पडत, मग दोहीं राजांचे वडिलांनीं एके ठायीं बसोन करार केला कीं रक्त सांडूं नये, दरसाल मार्गशीर्षांत दोहींकडील दोन दोन सरदारांनीं मधें जाळें बांधोन पिसांचें फूल रॅकेटीनें मारावें, जिंकेल त्याणें पहिलें पाणी घ्यावें, आणि लागोपाठ तीन वर्षें जो हरेल त्याचें तळें कायमचें गेलें. करार उत्तम, पण आपण दोन वर्षें हरलों होतों. आतां तिसरी खेप आली आणि सर्व प्रजेचे तोंडचें पाणी पळालें.

आपलेकडील जोडी ऐसी कीं मागें सेनापति धारोजी वाघचौरे आणि पुढें, जाळ्यापाशीं, सटवोजी ढमढेरे. धारोजींचा खांदा बैलाचा, स्मॅश मारिला तर फुलाचीं पिसें वेगळीं व्हावीं. सटवोजींचें वय पंचावन्न, हात हळुवार, आणि फूल जाळ्याला घासून पलीकडे असें टाकीत कीं समोरच्याणें नुसतें पाहत राहावें. पण दोन वर्षें त्यांचें कांहीं चालेना. मागील रेघेपर्यंत फूल पोंचवूं गेले तर तें मैदानाचे मध्यांतच पडे, आणि समोरचे दोघे पुढें सरकोन तयारच उभे असत. लोक म्हणूं लागले, "सटवोजी संपले, आतां नातवंडें खेळवावीं." तें त्यांचे कानीं जाई आणि ते मान खालीं घालून घरीं जात.

खरें मूळ बिल्ल्यांत होतें. रॅकेटीची तात, म्हणजे चौकटींत विणलेली दोरी, किती ताणिली तें आपलेकडे रत्तलांत मोजीत. धारोजी तीस रत्तलांची बांधीत, कारण ताठ तातेनें नेम पक्का लागतो, आणि फूल उडवावयास लागतो तो जोर त्यांचे खांद्यांत होता. महाराजांनीं एके दसऱ्यास खुश होऊन त्यांस पितळेचा बिल्ला दिला, वरी "तीस" कोरिलें. झालें! कारभारी यांणीं लगेच नियम केला कीं प्रत्येकानें आपल्या रत्तलांचा बिल्ला रॅकेटीस बांधावा आणि दरबारांत त्या मानानें बसावें, तीसवाले गादीपाशीं आणि वीसवाले दारांत काढिलेल्या जोड्यांपाशीं. मग जो तो ताणीत सुटला. मुदपाकखान्याचे दरोगे, जे रॅकेटीनें माशा मारीत, त्यांणींही सव्वीस घेतले. आणि लिहिणाराणें, ज्याणें जन्मांत फूल जाळ्यापलीकडे घातलें नाहीं, त्याणें चोवीस बांधोन घेतले. काय करावें, दारापाशीं बसलें कीं वाऱ्यानें कागद उडत. सटवोजींची तात बापजाद्यांपासून वीसाची. एके दिवशीं जोड्यांमध्यें बसले असतां कोणी हांसोन म्हणाला, "ढमढेरे, आमच्या वाहाणा सांभाळा हां." त्याच दिवशीं त्यांणीं जाऊन जड डोक्याची, ताठ दांडीची रॅकेट घेतली आणि अठ्ठावीस रत्तल ताणविले, आणि बिल्ला मिरवीत वर जाऊन बसले. तेव्हांपासून कोपर धरलें. रोज शेक, रोज लेप, आणि पाण्याचा लोटा उजव्या हातानें उचलेना, तो त्यांची बायको अंबूबाई उचलोन तोंडाशीं धरी.

अंबूबाई एके सकाळीं भडकली. म्हणाली, "अहो, रात्रभर कण्हतां आणि उजाडलें कीं पुन्हां तेंच हत्यार! हा हट्ट कुणासाठीं?"

सटवोजी म्हणाले, "मानाचा प्रश्न आहे."

"मान काय चाटायचा आहे? उठा. हुसेनबीकडे चला."

हुसेनबी पिंजारीण म्हणजे राज्याची तात बांधणारी. घराणें कापूस पिंजणाराचें, पिंजणाचे कमानीची तात कानानें ओळखणारें, तीच विद्या तिणें रॅकेटीस लाविली. तिची पूर्वापार रीत ऐसी कीं हात पाहिल्यावांचून तात बांधावयाची नाहीं. पण बिल्ले आले आणि कारभारी यांचा हुकूम गेला कीं पुसावयाचें काम नाहीं, सांगतील तितके रत्तल ताणावे. ती बिचारी दोन वर्षें ताणीत होती आणि कपाळ बडवीत होती.

सटवोजींस पाहोन म्हणाली, "या सरदार. बायकोनें धरून आणलें तेव्हां आलांत! कितीचा बिल्ला कोरूं?"

"बिल्ल्याचें राहूं दे. हात बघ."

हें ऐकोन हुसेनबीचा चेहरा फुलला. तिणें भरला लोटा त्यांचे हातीं देवोन हात लांब करविला, आणि तीन अंक मोजितां मोजितां पाणी सांडलें. मग जुनें फूल देवोन भिंतीवर मारविलें आणि डोळे मिटोन आवाज ऐकत राहिली. म्हणाली, "अगा माझ्या बाबा! तुमचा खेळ जाळ्यापाशींचा, मनगटाचा. हें जड डोकें वळेपर्यंत फूल जमिनीवर. हलक्या डोक्याची घ्या, झटकन फिरेल. दांडी लवणारी घ्या, म्हणजे थोडें काम ती करील, सगळें कोपरानेंच करायचें असें कुठें लिहिलंय? आणि तात वीसाची. ढिली तात फुलाला आपण होऊन उडवते, ताठ तात म्हणते तूंच मार. धारोजींच्या खांद्याला तें पोसतं. तुम्हांला नाहीं." मग जुनी तात मधून कापली आणि बाहेर बाहेर कापीत गेली, एका बाजूनेंच सोडली तर चौकट वाकडी होते म्हणोन. नव्या रॅकेटीस आधीं उभी तात ओढली, मग आडवी विणली, आणि प्रत्येक धागा नखानें वाजवोन कान लावोन ऐकला. दुपार झाली तेव्हां म्हणाली, "मारा आतां."

सटवोजींनीं मनगट हालविलें मात्र, फूल भिंतीवरोन शेजारणीचे मेथीचे वाफ्यांत! शेजारीण ओरडली आणि सटवोजी रॅकेट उलटीसुलटी करोन पाहूं लागले. म्हणाले, "हुसेनबी, दोन वर्षें मला वाटलें मी म्हातारा झालों."

ती म्हणाली, "झालांतच कीं. पण म्हातारपण वेगळं आणि ही तात वेगळी." मग आवाज उतरवोन म्हणाली, "बिल्ला अठ्ठावीसाचाच ठेवतें. कोण मोजायला बसलंय?"

सटवोजींनीं अठ्ठावीसाचा बिल्ला सोडोन तिचेपुढें ठेविला. मग म्हणाले, "नको. वीस कोर."

दुसरे दिवशीं दरबारांत वीसाचा बिल्ला पाहोन जो हंशा पिकला तो काय सांगावा! आम्हीही हांसलों, खोटें कां लिहावें. धारोजी उभे राहोन गर्जले, "तळें चाललें आहे आणि हे असलें खेळणें घेऊन येतात! मी ह्यांजबरोबर उतरणार नाहीं." सटवोजी जोड्यांमधून उठले आणि हात जोडोन म्हणाले, "महाराज, दोन वर्षें सेनापतींचे हातानें खेळलों आणि हरलों. ह्या खेपेस माझे हातानें खेळूं द्यावें. हरलों तर दोष माझा एकट्याचा, दवंडी पिटवावी." महाराजांनीं सभेकडे पाहिलें आणि पुसलें कीं ह्यांचे जागीं कोण उतरतो. अठ्ठावीसवाले छताकडे पाहूं लागले, सव्वीसवाल्यांस खोकला आला, आणि तिसरी हार माथीं घ्यावयास एकही पुढें येईना. मग आज्ञा जाहली कीं सटवोजींनीच उतरावें.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस तळ्याकांठीं दोन्हीं राज्यें लोटलीं. पहिला डाव त्यांचा, दुसरा आपला, आणि तिसऱ्यांत, डाव एकवीसांचा असतां, वीस-एकोणीस ऐसे आपण एका अंकानें पुढें आलों. एक अंक मिळाला तर तळें राहतें. धारोजी उडाले आणि ऐसा स्मॅश मारिला कीं तात मधोमध काडकन तुटली, आणि फूल मेल्यासारखें पलीकडे गेलें. पलीकडच्यांनीं तें परत आपल्या मागच्या कोपऱ्यांत, सटवोजींच्या पाठीमागें टाकिलें. धारोजी तुटकी रॅकेट घेऊन ओरडले, "सटवोजी, आतां तुम्हींच!" ते पाठमोरे धावले, फूल गुडघ्याशीं आलें, आणि समोरचे दोघे सवयीनें पुढें सरकले, कारण म्हाताऱ्याचें फूल मध्यांतच पडतें हें त्यांस दोन वर्षांत पाठ जाहलें होतें. सटवोजींनीं मनगट उलटें फिरविलें. फूल वर गेलें, दोघांचे डोक्यावरोन गेलें, ते माना वळवून पाहत राहिले, आणि तें मागील रेघेवर पडलें.

मग काय विचारतां! बायका रडूं लागल्या, दरोगे माशा मारावयाची रॅकेट उडवूं लागले, आणि धारोजींनीं सटवोजींस उचलोन घेतलें. सांडव्याचें दार उघडलें, आणि रिवाजाप्रमाणें जिंकणाराणें पहिला लोटा भरावयाचा, तो अंबूबाई सवयीनें उचलूं गेली. सटवोजींनीं तिचा हात बाजूस केला, उजव्या हातानें लोटा भरला, वर उचलला, आणि तिचेच ओंजळींत पाणी घातलें. ती पाणी पितां पितां म्हणाली, "आतां माझ्या हाताला सुटी."

महाराजांनीं सटवोजींस गादीपाशीं बोलाविलें, तर ते म्हणाले, "जोड्यांपाशीं वारा बरा लागतो," आणि तेथेंच बसले. पुढील दसऱ्यास काय पाहावें तर हुसेनबीचे दारीं सर्व सरदारांची रांग, सर्वांस वीसच रत्तल पाहिजेत, आणि रांगेंत पहिले उभे धारोजी, ज्यांच्या बैलखांद्यास तीसच शोभतात. जोड्यांपाशीं बसावयास जागा उरेना. हुसेनबीनें सर्व बिल्ले मागोन घेतले, तांबटाकडोन वितळविले, आणि त्याचा एक लोटा करवोन दारांत ठेविला. आतां सरदार येवो कीं महाराज, आधीं तो भरून हात लांब करून धरावा लागतो. लिहिणाराणेंही धरिला. तिणें हात पाहिला आणि म्हणाली, "तुम्हीं लेखणीच धरा."

एवंच तळें राहिलें, कोपर बरें जाहलें, आणि ज्याची त्यास तात मिळाली. इति.