सीटखालची शिस्त

बाबांनी नवी सीट खोक्यातून काढली आणि तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर झेलून शेडमध्ये आणली. मानेला आधारसुद्धा दिला. सीटला मान नसते हे भिंगरीने सांगितलं नाही, कारण बाबा आज भलतेच हळवे झाले होते.

भिंगरी नववीत होती आणि एका जागी टिकत नसे, म्हणून घरात तिचं हे नाव पडलं होतं. आज मात्र ती हातात पाना घेऊन अगदी शहाण्यासारखी उभी होती. लांब पल्ल्याची ती थोराड, काळी मोटरसायकल भिंगरी अठराची झाली की तिची होणार, असा बाबांचा शब्द होता. चार वर्षं कशीबशी काढता आली असती. फक्त तोवर गाडी घरात राहायला हवी होती, आणि ते सगळं आता आईच्या पाठीवर येऊन ठेपलं होतं.

आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. मागच्या सहलीत नऊ तास मागे बसून घरी आल्यावर ती चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पाठीचा एक्स-रे काढून आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवला. तेव्हापासून बाबा सकाळचा चहा आईचे मणके मोजत पीत. शेवटी परवा आईने निकाल दिला होता. "नवी सीट आणताय ना, आणा. शनिवारी कामावरून आले की एक फेरी मारू. पाठ कुरकुरली, तर गाडी विकायची. आमच्या हाडांच्या डॉक्टरांना हवीच आहे."

आज शनिवार. आई सहाला येणार होती आणि साडेचार वाजले होते.

"गाडीचं जे काही असेल ते गाडीपाशी राहिलं पाहिजे," जुनी सीट उतरवताना बाबा म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. सीटखालच्या चपट्या कप्प्यात पाने, कागद, माहितीपुस्तक असं सगळं आपापल्या जागी बसलेलं होतं. शिवाय एक वही होती. तिच्यात ते रोजचे किलोमीटर लिहीत, आणि दर गुरुवारापुढे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढत. गुरुवारी बाबा ऑफिसच्या गाडीने जात. तरी त्या दिवशी मीटर अकरा किलोमीटर पुढे सरके.

"उभ्या उभ्या अकरा किलोमीटर," बाबा म्हणाले. "कंपनीला तीन पत्रं लिहिली. मिस्त्रीने दोनदा मीटर उघडला. म्हणतो, काही बिघाड नाही."

नवी सीट पुढच्या खाचेत बसली, पण मागची कडी काही लागेना. बोटभर फट राहिली. बाबांनी आत काय अडतंय ते बघायला मोबाईलचा टॉर्च लावून मोबाईल कप्प्यात ठेवला. किल्ली हरवायला नको म्हणून तीही कप्प्यात ठेवली. मग दोन्ही हातांनी सीट दाबली. फट तशीच.

"बस गं जरा वर."

भिंगरी बसली. काही झालं नाही. ती उडी मारून बसली. खट् असा सुरेख आवाज झाला.

"झालं," बाबा म्हणाले. मग खिसे चाचपले. मग पुन्हा चाचपले, पण आता जरा हळू.

"बाबा, दुसरी किल्ली कुठे आहे?"

"आहे ना. जागेवर आहे."

"कुठल्या जागेवर?"

बाबांनी सीटकडे बघितलं. भिंगरीनेही बघितलं.

"पुस्तकात दिलं असेल, किल्लीशिवाय कसं उघडायचं ते," ती म्हणाली आणि मग तिला पुस्तकाची जागा आठवली.

तेवढ्यात सीट वाजू लागली. आईसाठी बाबांनी वेगळी धून लावली होती, त्यामुळे फोन कोणाचा हे सांगायला नको होतं. नवी सीट इतकी जाड की आवाज उशीखालून आल्यासारखा येत होता. फोन बंद झाला. पुन्हा वाजला.

भिंगरी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला घेऊन आली. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर टिचकी मारली आणि विचारलं, "दोन्ही किल्ल्या आत?"

"सुरक्षित आहेत," बाबा म्हणाले.

"त्यात काय शंका."

त्याने खालून तार घालून कडीची केबल ओढायचा प्रयत्न केला. पण सीट इतकी चोख बसली होती की तार आत शिरेना. "सीट मात्र झकास आहे साहेब. एवढी घट्ट बसलेली मी पाहिली नाही."

सीट पुन्हा वाजली.

"आता मागचा सगळा भाग उतरवायचा," मिस्त्री म्हणाला. "दोन तास लागतील. नाहीतर वहिनींना फोन करा."

"तिला कशाला? तिला कळता कामा नये."

"मी आपलं सुचवलं," मिस्त्री म्हणाला आणि एकदम चाकाची हवा तपासू लागला.

"मला काय कळता कामा नये, ते सांगा आधी," दारातून आई म्हणाली. "लवकर सुटले म्हणून कधीची फोन करतेय."

सीट गप्प होती, पण आता उशीर झाला होता. बाबांनी सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, पर्स उघडली, रुमाल, पास, गोळ्यांची पाकिटं उपसली आणि तळातून एक किल्ली काढली. सीटच्या बाजूला ती फिरवली. खट्.

आत मोबाईल अजून उजेड पाडत होता. त्यावर आईचे सात फोन दिसत होते.

"ही तिसरी कुठून आली?" बाबांनी विचारलं.

"दोन्ही किल्ल्या एकाच डब्यात कोंडणाऱ्या माणसाबरोबर संसार करतेय मी. एक करून ठेवली."

बाबा किल्लीकडे बघत राहिले. ती चांगली घासलेली, वापरातली किल्ली होती. त्यांनी सावकाश वही उचलली. "गुरुवारी तुझी सुट्टी असते."

"असते."

"अकरा किलोमीटर."

"मैदानापर्यंत आणि परत," आई म्हणाली. "शिकवलं या मिस्त्रींनी."

मिस्त्री अजून हवा तपासत होता.

"अगं पण तुझी पाठ?"

"पुढे बसले की नाही दुखत. दोन महिने झाले, बघतेय ना मी. म्हटलं सीट येऊ द्या, मग सांगू. आता बसा."

"कुठे?"

आईने हेल्मेट चढवलं आणि अंगठ्याने मागे खूण केली. भिंगरीने बाबांना हात देऊन वर चढवलं. गाडी फाटकातून अशी सुतासारखी सरळ निघाली की मिस्त्रीचा ऊर भरून आला.

पाऊण तासाने दोघं परतली. आई टुणकन उतरली. बाबा उतरले ते आधी एक पाय, मग बराच विचार, मग दुसरा पाय असे.

"विकायची का गं?" भिंगरीने विचारलं.

"वेडी आहेस का? पुढच्या महिन्यात घाटात नेतेय मी तिला."

भिंगरीने तिथल्या तिथे दोन गिरक्या घेतल्या. बाबा मात्र कंबरेवर हात ठेवून सीट दाबून बघत होते. "मागच्या बाजूला जरा कडक वाटते. आणि खड्डा आला की जरा हळू घेता येत नाही का?"

आईने हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

"सोमवारी दवाखान्यात या," ती म्हणाली. "एक्स-रे काढून देते. खिडकीत जागा आहे अजून."