दातार आप्पांचं कस्टम्स

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतून परदेशी जायचं तर दोन व्हिसा लागतात. एक त्या देशाचा आणि दुसरा तळमजल्यावरच्या दातार आप्पांचा. पहिला एकवेळ सहज मिळतो. आप्पांचा मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

आप्पा सरकारी नोकरीत वजनमापं तपासायचे. वाण्यांचे तराजू तपासण्यात हयात गेली, आता रिटायर झाल्यावर आमच्या बॅगा तपासतात. तुम्ही तिकीट काढलंत याचा वास त्यांना कसा लागतो देव जाणे, पण निघायच्या दोन दिवस आधी वजनकाटा घेऊन माणूस दारात हजर. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. बॅग डायनिंग टेबलावर चढवायची, आपण पलीकडे उभं राहायचं आणि आप्पा करड्या आवाजात विचारणार, "एनी फूड, मॅडम?"

दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी बिचाऱ्या घाबरून "नो फूड" म्हणाल्या. आत तीन किलो चकली! आप्पांनी त्यांना त्यांच्याच घराबाहेर जिन्यात उभं केलं. "खोटं बोललात. तुम्हाला परत पाठवलं." वहिनी जिन्यात, आत गॅसवर दूध उतू जातंय आणि आप्पा शांतपणे चकल्या मोजतायत. मोजून झाल्यावर म्हणाले, "चकली चालते हो, वहिनी. खोटं चालत नाही. जाहीर करायचं! जाहीर!"

चौथ्या मजल्यावरचा निखिल जर्मनीला निघालेला. तो म्हणाला, "आप्पा, लोड नका घेऊ हो, कोण बघतंय?"

"लोड तूच घेतलायस. सव्वीस किलो भरतंय. लोणचं काढ बाहेर."

गंमत म्हणजे आप्पांनी स्वतः विमानात कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण कुठल्या देशात काय चालतं, ते सगळं तोंडपाठ.

यंदा मी मुलाकडे मेलबर्नला निघालेले. आप्पांनी माझ्या बॅगेतून साजूक तुपाची बरणी, मेथीचे दाणे आणि कढीपत्ता बाहेर काढला. मी चांगलीच तडकले. "अहो आप्पा, माझ्या पोराला जरा तूप खाऊ द्याल की नाही?"

"मी देईन हो, ताई. ते देणार नाहीत."

तपासणी आटोपली तरी आप्पा जाईनात. पाणी मागितलं, प्यायले, पुन्हा बसले. मग पिशवीतून एक पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "एक जिन्नस माझा."

आप्पांची एकुलती एक मृणाल मेलबर्नलाच असते. दोन महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. आई असती तर बाळंतपणाला गेली असती, पण ती तीन वर्षांपूर्वी गेली. आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर आप्पांना विमानात बसू देत नाहीत.

मी पुरचुंडी उघडली. हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग. सहाणेवर उगाळून बाळाला चाटवतात त्या बाळगुटीचं सगळं सामान. प्रत्येकावर इंग्रजीत नावाची चिठ्ठी आणि सोबत एक घडी घातलेला कागद.

"आप्पा, मुळ्या आणि बिया चालत नाहीत, असं तुम्हीच ओरडून सांगता ना?"

"नाहीच चालत. काढून घेतील."

"मग देताय कशाला?"

आप्पा वजनकाट्याचा हूक चाचपत बसले. "मृणालला बाळगुटी कुणी दिलीच नाही, असं व्हायला नको हो, ताई. दिली होती, वाटेत काढून घेतली, एवढं तरी असू दे."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी पुरचुंडी बॅगेत अगदी वरच ठेवली.

मेलबर्नला उतरल्यावर मी सगळं जाहीर केलं. तिथल्या पोरीने एकेक चिठ्ठी वाचली, चार वेळा सॉरी म्हटलं आणि पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला मेलं भरूनच आलं. कागद तेवढा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मृणालकडे गेले. काय झालं ते सांगून कागद तिच्या हातात दिला. आप्पांचं ठसठशीत सरकारी अक्षर. हळकुंडाचा एक वेढा. हिरड्याचा एक. वेखंडाचा अर्धाच, फार उग्र असतं. आणि सगळ्यात शेवटी: "बाळ रडलं तर थांबावे. तू रडलीस की तुझी आई थांबत असे आणि तुला खांद्यावर घेऊन आधी स्वतः रडत असे."

मृणालने तो दोनदा वाचला आणि तडक व्हिडिओ कॉल लावला.

"काढून घेतली ना?" आप्पांनी पहिलं तेच विचारलं.

"हो, बाबा."

"नियमच आहे तसा. तक्रार नाही."

"बाबा, कागद मिळाला. आई रडायची, हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मलाच जमत नाहीये. मी रोज रडते, बाबा."

मृणालने लेकीला फोनसमोर धरलं. इवलीशी, टक्कल पडलेली, थेट आप्पांवर गेलेली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि फोन टेबलावर उताणा ठेवून दिला. आम्हाला दिसत होता तो नुसता त्यांच्या हॉलमधला पंखा. मधूनमधून नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"मावशी, ठेवू का फोन?" मृणालने हळूच विचारलं.

"मुळीच ठेवू नकोस," मी म्हटलं.

तिने लेकीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही तिघी तो पंखा बघत बसलो.