टायपिंगच्या सरांचं आडनाव

टायपिंगच्या सरांना कोणी आडनाव विचारलं की ते आधी विचारणाऱ्याचं आडनाव विचारून घेत आणि मग चेहरा उजळून म्हणत, "वा, आमचंही तेच."

पोस्टातल्या कुलकर्ण्यांसाठी ते कुलकर्णी होते. देशमुख वकिलांसाठी देशमुख. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात सय्यदभाईंनी विचारलं तेव्हाही त्यांनी न अडखळता तेच उत्तर दिलं. सय्यदभाई इतके हसले की हातातला पाना चाकात अडकला. पहिल्या फटक्यात समजलं ते एकट्या सय्यदभाईंना. बाकी गल्लीला वेळ लागला, आणि समजल्यावरही कोणाला हसू आलं नाही.

मीरा, तू परवा फोनवर वैतागून सांगत होतीस, की तिकडे परदेशातच जन्मून, तिथल्यासारखंच बोलूनही लोक तुला विचारतात, तू मूळची कुठली? आणि सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही, पुन्हा विचारतात, नाही, खरी कुठली? तेव्हापासून हे सर माझ्या डोक्यातून जात नाहीत. नीरजला वाचून दाखव. त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे, ऐकायचा नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसं आधी आली, त्यांच्या इमारती मागाहून आल्या, आणि माणसांना राहायला जागा काही आलीच नाही. तुमचे आजोबा नांदेडहून बदलून आले आणि आम्हाला एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या, त्याही वशिल्याने. गल्लीत निम्मी माणसं आमच्यासारखीच, नवी. जुन्या गावात कोण कोणाचा ते न विचारता ठाऊक असतं. इथे कोणालाच कोणाचं काही ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे विचारत सुटले होते. नाव सांगितलं की समोरचा म्हणे, "पुढे?" ते पुढचं कळलं की तुम्हाला ओट्यावर बसवायचं की आत घ्यायचं, चहा कपबशीतून द्यायचा की खिडकीत पालथ्या ठेवलेल्या वेगळ्या ग्लासातून, सगळं ठरून जाई. मग साहेब कोणत्या ऑफिसात, हाताखाली किती माणसं, घरी सोफा आहे का. मला तर पहिल्या आठवड्यातच थकवा आला.

सर आमच्या समोर राहत, कोरे अप्पांच्या वाड्यामागच्या खोलीत. अप्पांचं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत दुकान होतं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, स्वभाव वाईट नाही, पण नियम पक्के. खोली बघायला सर आले तेव्हा अप्पांनी रीतसर विचारलं होतं. सरांनी रीतसर उत्तर दिलं. आपलाच माणूस मिळाला म्हणून अप्पांनी भाडंही कमी सांगितलं. चार दिवसांनी देशमुख वकील सहज म्हणाले की तुमचा भाडेकरू आमच्यातला निघाला. अप्पा तसेच तडक खोलीवर गेले. सर शांतपणे म्हणाले, "अप्पा, तुम्हाला परकं वाटू नये म्हनून म्हनलो हो. तुमचंच ते आमचं."

हे त्यांचं पालुपद. "तुमचंच ते आमचं."

दिसायला सर किडकिडीत. पँट पोटाच्या वर चढवलेली, कानावर पेन्सिल. त्यांची आणखी एक खोड होती. तुम्ही बोलू लागलात की त्यांची बोटं मांडीवर चालू लागत, तुम्ही म्हणाल तो शब्द न शब्द टाईप करत. तुमचे आजोबा म्हणत, या माणसाशी बोलताना प्रत काढल्यासारखं वाटतं. सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये जुनी, खडखडणारी मशीनं होती आणि नव्या जिल्ह्यात कारकून व्हायला निघालेली सगळ्या वस्त्यांतली मुलं-मुली तिथे शेजारी शेजारी बसून बडवत. पाटीवर नुसतं 'प्रभाकर टायपिंग'. सुट्ट्या मात्र अफाट. बसव जयंतीला बंद, आंबेडकर जयंतीला बंद, दोन्ही ईदना बंद, गणपतीत बंद, नाताळातही बंद. मी एकदा म्हटलं, सर, अशाने मुलं शिकणार कधी? ते म्हणाले, "वहिनी, सगळीच आपली म्हनल्यावर एवढं सोसावं लागतंय."

गल्लीने शोध लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. बायकांनी सरांच्या बायकोवर, इंदूबाईंवर, नजर ठेवली. गळ्यात नुसती काळी पोत, तिच्यावरून काही कळेना. नऊवारी नेसत नसत, त्यामुळे काष्टा कळेना. स्वयंपाकाचा वास घेतला, तर तो वरणाचा. एकदा घागरी भरताना त्यांना "ओकटी, रेंडू, मूडू" असं मोजताना कोणीतरी ऐकलं आणि दुपारपर्यंत गल्लीत बातमी झाली की तेलुगू निघाल्या. मग कळलं की त्या तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या, बिलोलीकडच्या. तिकडे सगळ्याच जातींची माणसं असं मोजतात. म्हणजे पुन्हा काही हाती लागलं नाही.

तुमचे आजोबा सरांना एकदा म्हणाले, अहो, द्या एखादं ठोकून आणि मोकळे व्हा. सर म्हणाले, "साहेब, एक धरलं की बाकीचे सुटतात."

मग पाऊस दोन वर्षं लागोपाठ रुसला.

दुष्काळाचं वर्णन करून तुम्हाला कंटाळा आणत नाही. एवढंच सांगते की त्या उन्हाळ्यात सगळी गल्ली पाण्याखेरीज दुसरं काही बोलत नव्हती. टँकर चौकात येई, तो लांब. जवळ होता तो अप्पांच्या अंगणातला आड. अप्पांनी आड कोणाला बंद केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. फक्त रांगा दोन केल्या. गल्लीतल्यांची रांग आत. त्यांनी आपापला पोहरा सोडावा आणि शेंदून घ्यावं. मागच्या वस्तीतल्या माणसांची रांग दाराबाहेर. त्यांनी दोराला हात लावायचा नाही, अप्पांचा गडी वरून त्यांच्या घागरीत ओतणार. पाणी एकाच आडाचं. हा देखावा मी रोज पहाटे अप्पांच्या दारात पाहत होते. तुम्हाला यात काही समजत नसेल तर ते ठीकच आहे. मलाही समजावून सांगता येणार नाही.

अप्पांच्या आईला सगळे अव्वा म्हणत. डोळ्यांनी जवळपास आंधळ्या, कानांनी तिखट. अव्वांनी सांगून टाकलं की आत पोहरा कोण सोडतं ते मला माहीत पाहिजे. प्रभाकरने जात सांगावी, नाहीतर खोली सोडावी. गंमत अशी की रोज दुपारी याच अव्वा मागच्या खोलीकडे तोंड करून इंदूबाईंना हाका मारत आणि त्यांच्याकडून वेणी घालून घेत. सुनांचे हात त्यांना चालत नसत. ओढतात म्हणत.

खोली सोडून सर जाणार कुठे? नव्या जिल्ह्यात खोली मिळायची तर पुन्हा तोच प्रश्न. त्यात इंदूबाईंचं काळीज आधीच दुबळं. चौकातून घागर आणणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. आड सुटला तर त्या घरात पाणीच येणार नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सर सांगणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर हंडा घेऊन बाहेरच्या रांगेत उभे.

आतल्या रांगेत कुजबुज झाली, एकमेकांकडे बघणं झालं. सुटलं कोडं. बाहेरच्या रांगेलाही आनंद झाला नाही. काशीबाई म्हणून एक होत्या, त्या सरांना म्हणाल्या, "सर, घरात आड असून आमच्यात कशाला घुसून राहिलेत? आधीच नंबर लागंना झालाय." सर म्हणाले, हाव, बरोबर हाय, आणि मागे जाऊन शेवटी उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सर आतल्या रांगेत, माझ्या पुढे, पोहरा हातात घेऊन.

अप्पांनी विचारलं, "काल तर बाहेर होता की."

"काल बाहेरची रांग लहान होती."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, ती बहुतेक मीच. अप्पा भांडले नाहीत. त्या उन्हाळ्यात माणसं भांडायलाही दमली होती. सर कधी आत, कधी बाहेर उभे राहू लागले, अव्वा खोली सोडा म्हणत राहिल्या आणि दुपारी वेणी घालून घेत राहिल्या. इंदूबाईंपर्यंत पाणी पोचत होतं. सरांना तेवढंच हवं होतं.

इंदूबाई मात्र त्या उन्हाळ्याच्या शेवटाला गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत.

गल्लीतले पुरुष खोलीसमोर जमले आणि नुसते उभे राहिले. कारण पुढे काय करायचं तेच कोणाला ठाऊक नव्हतं. अप्पांच्या लोकांत माणसाला बसवून पुरतात. बाकी बहुतेकांत जाळतात. आणि ज्याची त्याची जागा वेगळी, वाट वेगळी, बोलवायचा माणूस वेगळा. गल्लीला इतके दिवस जे उगीच हवं होतं ते आता खरोखरच हवं होतं. सर दारात बसले होते. हात मांडीवर होते, पण बोटं हलत नव्हती.

शेवटी अप्पा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता.

"सर, विचारायला जीभ रेटंना. पर तुमच्यात कसं करतात?"

सर म्हणाले, "तुमच्यात करतात तसं."

देशमुख वकील म्हणाले, प्रभाकरराव, ही काय थट्टेची वेळ आहे का? सरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते अप्पांकडे बघत होते आणि त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

अप्पा म्हणाले, "आमचे लोक विचारतील. काय सांगू त्यांना?"

"तुमचं आडनाव सांगा."

तेवढ्यात भिंत धरत धरत अव्वा बाहेर आल्या. केस मोकळे, न विंचरलेले. म्हणाल्या, "ती आपल्यातलीच हाय. मला सांगितलं होतं तिनं. उभं काय राहिलाव, स्वामींना बोलवा."

अव्वांचा शब्द म्हणजे संपलं. विधी करणारे स्वामी आले. त्यांनी इंदूबाईंच्या गळ्याकडे पाहिलं, तिथे लिंग नव्हतं. मग अव्वांकडे पाहिलं. अव्वांनी न दिसणारे डोळे त्यांच्यावर असे रोखले की स्वामींनी काही न विचारता झोळीतून नवं लिंग काढलं. उन्हाने जमीन इतकी आवळली होती की कुदळ उडून परत येत होती. खड्डा खणला तो बाहेरच्या रांगेतल्या माणसांनी, सकाळपासून दुपारपर्यंत. तेवढं काम त्यांना कोणी नाकारलं नाही.

त्यानंतर गल्लीचं समाधान झालं. टायपिंगचे सर म्हणजे कोऱ्यांच्या नात्यातले, थोडे विक्षिप्त. नवे भाडेकरू आले की त्यांनाही तसंच सांगितलं जाई. सर आतल्या रांगेत उभे राहिले काय, बाहेरच्या राहिले काय, कोणी लक्ष देईना. पुढे थोडाफार पाऊस झाला, रांगाही मोडल्या.

पावसाळ्यात एका संध्याकाळी सर आमच्या पायरीवर येऊन बसले. आजोबा अजून ऑफिसातून यायचे होते. मी त्यांना म्हटलं, बरं झालं इंदूबाईंनी अव्वांना सांगून ठेवलं होतं.

"इंदूनं काही सांगितलं न्हवतं, वहिनी. अव्वा खोटं बोलली." मग म्हणाले, "इंदू कशी सांगंल? आमचं ठरलं होतं तसं."

आणि त्यांची बोटं, इतक्या दिवसांनी, मांडीवर हलू लागली. जणू स्वतःचंच बोलणं टाईप करत होते.

"आमच्या दोघांत एक वरचं होतं आन एक खालचं. लगीन केलं आन दोन्ही गावं सुटली. पहिल्या खोलीत दोघांचंबी खरं आडनाव सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी बाया येऊन एकाची कीव करायल्या आन एकाला टोचून बोलायल्या. रातभर दोघंबी बोललो न्हाई एकमेकांशी. सकाळी ठरिवलं, की आता घरात कोन वर आन कोन खाली, हे बाहेरच्या मानसाला ठरवू द्यायचं न्हाई. खोलीबी सोडली, आडनावबी सोडलं."

दोघांतलं कोण कोणतं, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

"आता एकटाच हाय," ते म्हणाले. "एकट्याला काय वर आन काय खाली. कोनी विचारलं तर सांगून टाकावं म्हनतो. तर आता कोनी विचारूनच न्हाई राहिलं."

मीरा, नीरज, त्या क्षणी मला विचारता आलं असतं. त्यांनी दार उघडून ठेवलं होतं. समोर वाड्याच्या बोळातून त्यांच्या खोलीचं कुलूप दिसत होतं, दोरीवर एकच सदरा वाळत होता. मी विचारलं, "सर, चहा टाकते. साखर किती?"

त्यांनी बोटं थांबवली. म्हणाले, "तुमच्यात करतात तसा करा."