सोंड्याची शाल

एका जंगलात, जिथे विजेची तार पोचली होती अशा एका जंगलात, भार्गवराव अस्वल राहत असत.

जंगलात वीज कशी आली, असं विचारू नका, बाळांनो. अस्वल बोलतं हे तुम्ही मुकाट्याने मान्य करता आणि विजेवर अडून बसता, हे बरं नाही. हाताची घडी घाला आणि ऐका.

आणि आणखी एक. हे अस्वल म्हणजे मी नव्हे. माझ्या डोक्यावर इतके केस असते तर मी गोष्टी कशाला लिहिल्या असत्या?

तर भार्गवराव विद्वान होते. जंगलातल्या सभांमध्ये ते भाषणं करत. भाषण झालं की त्यांना शाल आणि नारळ मिळे. नारळाची चटणी होई आणि शाली कपाटात जात. भार्गवरावांना वस्तू जपण्याची फार आवड होती. त्यांच्या गुहेत प्रत्येक वस्तूला कव्हर होतं. मधाच्या बरणीला कव्हर होतं. पाट्याला कव्हर होतं, वरवंट्याला वेगळं कव्हर होतं. नव्या खुर्चीवरचं प्लास्टिक खुर्ची जुनी झाली तरी निघालं नव्हतं. बसलं की ते कुरकुरत असे आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटत असे.

त्यांच्या बायकोचं नाव वेणूबाई. वेणूबाईंची कंबर धरली होती. अस्वलाच्या घरात केस किती गळतात, हे ज्याने झाडलंय त्यालाच ठाऊक. वाकून वाकून वेणूबाई अशा झाल्या होत्या की सरळ उभं राहायचं म्हटलं तरी आधी भिंत शोधावी लागे. चैत्रातलं हळदीकुंकू त्यांनी कितीतरी वर्षांत केलं नव्हतं. गौर मांडायची, सगळ्याजणींना बोलवायचं, त्यांच्यापुढे ताठ बसून आंब्याची डाळ वाढायची, एवढीच त्यांची इच्छा होती. पण गुहा झाडून झाली की त्यांना ताठ बसताच येत नसे.

भार्गवरावांना ते पाहवत नसे. म्हणून ते दुसरीकडे पाहत.

पण एकदा वडाखालच्या सभेत बोलता बोलता त्यांना भरून आलं. ते म्हणाले, "यंदाच्या चैत्रात माझी बायको हळदीकुंकू करील. तिला पुन्हा वाकावं लागणार नाही. हा माझा शब्द आहे!"

टाळ्या पडल्या. शाल मिळाली. वेणूबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले.

आता शब्द दिला म्हटल्यावर काहीतरी करणं भाग होतं. भार्गवरावांनी शहरातून व्हॅक्यूम क्लीनर आणला. लालभडक, चाकांवर चालणारा, पुढे लांब नळी असलेला. जंगलात त्याचं नाव लगेच सोंड्या पडलं. वेणूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. भार्गवरावांनी नारळ फोडला. मग ते शिंपी पक्ष्याकडे गेले आणि सोंड्यासाठी कव्हर शिवून आणलं. जाड, दुहेरी, आतून कापूस भरलेलं. नळीसाठी भोक, वायरीसाठी भोक, खाली चाकांना जागा आणि कडेने झालर.

"अहो, चालवायच्या वेळी तरी हे काढायचं ना?" वेणूबाईंनी विचारलं.

"कशाला? चालवताना तर धूळ उडते. त्याच्यावर बसली तर?"

आता धूळ खाणाऱ्या यंत्राला धुळीपासून जपायचं, हे वेणूबाईंना नीट कळलं नाही. पण नवरा विद्वान होता.

पहिल्या दिवशी सोंड्या सुरू करायची वेळ आली. भार्गवराव चष्मा पुसून म्हणाले, "अगं, आधी एकदा झाडून घे."

"मी? मग हा कशाला आणलाय?"

"नवीन आहे तो. हे सगळे केस त्याच्या पोटात गेले तर आतून खराब होईल. तू वरवरचं झाडून घे, मग तो बारीक बारीक काढेल."

वेणूबाईंनी झाडलं. मग सोंड्या सुरू झाला. जोरात आवाज करत त्याने अर्धी गुहा फिरून घेतली आणि मध्येच गप्प झाला.

बटण दाबलं, बोलेना. वायर हलवली, बोलेना. भार्गवरावांनी पाठीवर थोपटलं, गोंजारलं, मग कोणी पाहत नाहीसं बघून एक गुद्दा घातला. तरी बोलेना. शेवटी त्यांनी त्याला कोपऱ्यात ढकललं आणि ते जेवून झोपले. उठल्यावर बटण दाबलं तर सोंड्या पुन्हा ठणठणीत!

"कळलं!" भार्गवराव म्हणाले. "हा वामकुक्षी घेतो."

मग तसंच ठरून गेलं. सोंड्या थोडा वेळ चाले, तापे आणि बंद पडे. तो झोपला की गुहेत कोणी मोठ्याने बोलायचं नाही. उरलेली गुहा वेणूबाई झाडत. आधी सोंड्यासाठी झाडायचं, मग सोंड्याने सोडलेलं झाडायचं आणि वर सोंड्याच्या कव्हराची झालर झटकायची. पूर्वी त्या एकदा वाकत असत.

चैत्र जवळ आला. वेणूबाईंची कंबर आता खाली बसताना आणि उठताना, दोन्ही वेळा ओरडू लागली. एका संध्याकाळी त्या चुलीपाशी बसून हळूच म्हणाल्या, "यंदाही राहू दे हळदीकुंकू. माझ्याने नाही व्हायचं."

हे मात्र भार्गवरावांच्या मनाला लागलं. बायकोच्या कंबरेचं दुःख होतंच, नाही असं नाही. पण वडाखाली सगळ्या जंगलादेखत दिलेला शब्दही होता. ते तडक तज्ज्ञांना बोलवायला निघाले.

पहिले आले दंताजीराव हत्ती. नळीच्या विषयात त्यांच्याइतका अधिकार जंगलात कोणाचा असणार? त्यांनी सोंड्याची नळी आपल्या सोंडेने उचलली, डोळा लावून आत पाहिलं आणि मान हलवली.

"सर्दी आहे," ते म्हणाले.

"यंत्राला?"

"नाक आहे म्हटल्यावर सर्दी आली. आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना होते. ओव्याची धुरी द्या आणि गारठ्यात ठेवू नका. हे पांघरूण पातळ वाटतंय मला."

धुरी दिली. गुहाभर धूर झाला, भार्गवरावांना ठसका लागला. सोंड्या मात्र होता तसाच राहिला.

दुसरं आलं हुप्पे माकड. हुप्पेंचा हात कुठेही चाले. त्यांनी कव्हर बाजूला फेकलं, झाकण उघडलं आणि सगळे भाग चटईवर मांडले. आतली पिशवी फुगून टम्म झाली होती. ती त्यांनी उकिरड्यावर नेऊन झटकली. भार्गवराव बघतच राहिले. सोंड्याने खाल्लेलं कुठेतरी नाहीसं होत असेल, असा त्यांचा समज होता. मग हुप्पेंनी आतली जाळी धुतली, उन्हात वाळवली. नळीत काठी घालून पहिल्या दिवशीच्या पूजेच्या अक्षता आणि भार्गवरावांचा एक हरवलेला पायमोजा काढला.

खरं सांगायचं तर काम चोख झालं होतं. सगळं परत जोडल्यावर हुप्पेंच्या हातात एक स्क्रू उरला.

"हा?" भार्गवरावांनी विचारलं.

"तो जादाचा देतात," हुप्पे म्हणाले. "आता बघा कसा पळतो." आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

"थांबा!" भार्गवराव ओरडले. "असा उघडा नका चालवू!"

त्यांनी धावत जाऊन कव्हर आणलं, सोंड्याला घातलं, झालर नीट केली आणि मग बटण दाबू दिलं. सोंड्या पळाला. पूर्वीपेक्षा जोरात पळाला. आणि अर्ध्या गुहेत येऊन झोपला.

हुप्पेंनी डोकं खाजवलं आणि ते फांदीवरून फांदीवर करत निघून गेले. स्क्रू अजून त्या गुहेत आहे. त्यालाही भार्गवरावांनी एक छोटी पिशवी शिवून घेतली.

पण वेणूबाईंनी जिद्द धरली. झुरायचं कशाला, असं म्हणून त्यांनी सगळ्याजणींना निरोप धाडला. हळदीकुंकवाच्या सकाळी त्यांनी भार्गवरावांना कैऱ्या आणायला पाठवलं. डाळीला हव्या होत्याच, आणि शिवाय ते घरात असले की मदत करत.

ते गेल्यावर वेणूबाईंना सोंड्याचं कव्हर दिसलं. धुरीने काळं पडलेलं, झालरीवर हुप्पेंच्या बोटांचे ठसे. हत्तीणबाई येणार, त्या काय म्हणतील? त्यांनी कव्हर काढलं, धुतलं आणि वेलीवर वाळत घातलं. आता झाडायचं होतं. पण कंबर इतकी दुखत होती की केरसुणीपर्यंत वाकवेना. म्हणून त्यांनी आधी न झाडताच, उघड्या सोंड्याचं बटण दाबलं.

सोंड्या अर्धी गुहा चालला. पाऊण चालला. सगळी गुहा झाली, अंगण झालं, सोंड्या चालूच! वेणूबाई बावरून गेल्या. त्या बंद करायला गेल्या आणि सोंड्याकडे पाठ करून जराशा टेकल्या, तर मागच्या जाळीतून भसाभसा गरम वारा त्यांच्या कंबरेवर आला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.

त्या तशाच बसून राहिल्या. विटेने शेकलं तरी जे होत नसे ते झालं. कंबर सैल झाली. भिंत न शोधता त्या उठल्या आणि एकट्याच हसल्या. मग त्यांना रडू आलं. मग पुन्हा हसू आलं.

भार्गवराव कैऱ्या घेऊन आले. गुहा लखलखत होती.

"बघा!" वेणूबाई म्हणाल्या. "कव्हर काढल्यावर थांबलाच नाही. मागून गरम वारा बाहेर पडतो त्याचा. तुमच्या कापसाने ती जाळीच बुजली होती. जीव गुदमरत होता त्याचा."

"छे! मी काल त्याला थोपटलं होतं, त्याचा गुण आहे हा," भार्गवराव म्हणाले. मग त्यांची नजर सोंड्यावर गेली आणि त्यांच्या हातातल्या कैऱ्या खाली पडल्या. "अगं, पाहुण्या येणार आणि हा असा उघडा?"

"कव्हर ओलं आहे."

भार्गवराव कपाटाकडे धावले. त्यांनी वडाखालच्या सभेतली शाल काढली, सगळ्यात जाड, जरीच्या काठाची. ती त्यांनी सोंड्याला दोनदा गुंडाळली. वेणूबाईंनी कपाळाला हात लावला, पण तेवढ्यात दारात हत्तीणबाई आल्या.

सगळ्याजणी जमल्या. गौर मांडली होती. वेणूबाई ताठ बसून डाळ वाढत होत्या. हळदीकुंकवात पुरुषांचं काही काम नसतं, हे भार्गवरावांना माहीत होतं. तरी ते इकडून तिकडे जात होते, घसा साफ करत होते. शेवटी हत्तीणबाईंना दया आली.

"गुहा फार स्वच्छ आहे हो," त्या म्हणाल्या.

"प्रात्यक्षिकच दाखवतो!" असं म्हणून भार्गवरावांनी बटण दाबलं.

शाल पांघरलेला सोंड्या थोडा चालला, घुसमटला, करपल्यासारखा वास आला आणि तो हत्तीणबाईंच्या पायाशी बंद पडला. सगळ्याजणी पन्ह्याच्या भांड्यात पाहू लागल्या. भार्गवरावांचं नाक गुलाबी झालं.

"त्याची... त्याची झोपायची वेळ झाली," ते पुटपुटले.

वेणूबाई उठल्या. भिंतीला हात न लावता उठल्या. त्यांनी सोंड्यावरची शाल सोडली आणि ती भार्गवरावांच्या खांद्यांवर घातली.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "त्याला श्वास घेऊ द्या. आणि मलाही."

पन्हं पिऊन होईपर्यंत सोंड्या निवला. वेणूबाईंनी बटण दाबलं. तो चालला, चालला, थांबेचना. सगळ्याजणी आळीपाळीने त्याच्या मागे कंबर करून बसल्या. हत्तीणबाईंचा नंबर फार वेळ चालला.

आता तुम्हाला वाटेल, भार्गवराव खजील झाले असतील. बाळांनो, तुम्ही विद्वानांना ओळखत नाही. खांद्यावर शाल पडल्यावर भार्गवरावांना एकच गोष्ट येत असे. त्यांनी घसा साफ केला.

"भगिनींनो," ते म्हणाले, "यंत्रालाही श्वास असतो. माझ्या प्रदीर्घ प्रयोगांती मी या निष्कर्षाप्रत आलो आहे की..."

भाषण फार गाजलं. मग या गुहेतून बोलावणं, त्या बिळातून बोलावणं. 'यंत्राची निगा आणि आपण' या विषयावर भार्गवराव जंगलभर बोलू लागले. पिशवी वेळच्या वेळी झटका, जाळी धुऊन वाळवून घाला, नळीत पायमोजे घालू नका, मागची हवा मोकळी ठेवा. शोध त्यांचाच होता, असं आता त्यांनाही वाटू लागलं. हुप्पे चिडले. वेणूबाई चिडल्या नाहीत. रोज सकाळी त्या स्वतःच भार्गवरावांच्या खांद्यावर शाल घालत, डब्यात मधाची पोळी देत आणि ते टेकडीपलीकडे दिसेनासे होईपर्यंत दारात उभ्या राहत. मग आत जाऊन, बटण दाबून, कंबर शेकत निवांत बसत.

संपली गोष्ट. अस्वल म्हणजे मी नव्हे, हे पुन्हा सांगतो. मी आमच्या गॅलरीत बसून लिहितो आहे. आतमध्ये आमचा व्हॅक्यूम क्लीनर चालू आहे. बराच वेळ झाला, तो थांबलेला नाही. मी मघाशी दार वाजवलं, तर बायको आतून म्हणाली, "अहो, छान लिहिताय. आणखी एखादी गोष्ट होऊ द्या." बाहेर गारवा आहे, पण काळजी नाही. माझ्या खांद्यावर शाल आहे. कधी घातली कोण जाणे.

तात्पर्य: यंत्र वर्षानुवर्षं बिनतक्रार चालायला हवं असेल, तर त्याची निगा राखणाऱ्याचा यथोचित सत्कार करून त्याला घराबाहेर पाठवावं.