लेलंड पर्व्हिसची पंधरा वर्षांची योजना

टोलेडोतल्या त्या विमा कंपनीच्या इमारतीत अकरा सुरक्षा रक्षक होते, पण पंधरा वर्षांची योजना असलेला रक्षक एकच. लेलंड पर्व्हिस! योजना त्याने तीन रंगांच्या पेनांनी आखली होती आणि फ्रिजवर चिकटवली होती. बायको सोडून गेल्यापासून फ्रिजचं दार तसंही मोकळंच होतं. यंदा दिवसपाळीचा सुपरवायझर. दोन वर्षांनी अख्ख्या इमारतीचा मॅनेजर. सात वर्षांनी अर्धं ओहायो राज्य! आणि पंधराव्या वर्षी स्वतःची कंपनी, ‘पर्व्हिस संरक्षण’. तिचं चिन्ह म्हणून त्याने गरुडही काढून ठेवला होता. गरुड जरा कोंबडीवर गेला होता, पण सुधारायला पंधरा वर्षं हातात होती.

पहिल्या पायरीची जागा रिकामी झाली होती, कारण नाताळात ओरिन टॅकेट निवृत्त झाला. एकतीस वर्षं तो त्या खुर्चीत बसला. लेलंडला बूट कसे चमकवायचे, नोंद कशी लिहायची, इथपासून सगळं त्यानेच शिकवलं. ‘चोराला भिऊ नकोस, पोरा,’ तो सांगायचा. ‘ओळखीचा चेहरा आणि छोटंसं कारण घेऊन येतो ना, त्याला भी!’ हे वाक्य लेलंडने योजनेच्या माथ्यावर लाल पेनाने लिहिलं होतं.

बढती देण्याआधी कंपनी रक्षकाची परीक्षा घ्यायची, ती न सांगता. कुणीतरी पासशिवाय आत घुसायचा प्रयत्न करणार. तुम्ही अडवलं तर सुपरवायझर, नाही अडवलं तर बसा तिथेच! परीक्षा याच आठवड्यात होणार, हे मॅनेजर ग्रबोव्स्कीच्या चेहऱ्यावरून लेलंडने ताडलं होतं. सोमवारी त्याने पोस्टमनला तीनदा नाव विचारलं. मंगळवारी तर कुंडी घेऊन आलेल्या माळ्याला कुंडीतली माती उकरायला लावली!

बुधवारी सकाळी सात वाजता बर्फ झटकत ओरिन टॅकेट बाहेरच्या काचेच्या दारातून आत आला. या इमारतीच्या पुढच्या बाजूला दोन दारं, एकामागे एक, आणि मध्ये माणूसभर जागा. रक्षक तिला ‘डबा’ म्हणायचे. आतलं दार टेबलावरचं बटण दाबल्याशिवाय उघडत नाही.

“उघड रे पोरा!” ओरिनने काच वाजवली. कोटाखाली त्याने जुना गणवेशाचा शर्ट घातला होता.

“पास?” लेलंड म्हणाला.

“अरे, मी आहे!”

“ते दिसतंय. पास दाखवा.”

ओरिन खदखदून हसला. “शाबास! बरं, माझा कॉफीचा मग आत राहिलाय. म्हटलं, तुझ्याबरोबर घोटभर घ्यावी.”

लेलंडच्या अंगावर काटाच आला. ओळखीचा चेहरा! छोटंसं कारण! कंपनीने पाठवून पाठवून कुणाला पाठवलं, तर खुद्द गुरूला! काय डोकं चालवलंय! त्याने आनंदाने शेजारचं धोक्याचं लाल बटण दाबलं. खट्! खट्! दोन्ही दारं बंद झाली. आता ती फक्त मॅनेजरच्या किल्लीनेच उघडणार होती, आणि ग्रबोव्स्की बर्फात कुठेतरी हायवेवर अडकला होता.

“लेलंड, थट्टा पुरे. मला जायचंय.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे! एकोणसत्तर वय आहे माझं! संडासात!”

‘वा!’ लेलंड मनात म्हणाला. ही युक्ती सगळ्यात जुनी, असंही ओरिननेच शिकवलं होतं. त्याने घड्याळ बघून वहीत नोंद केली. पाच मिनिटांनी ओरिनने काच बडवली. दहा मिनिटांनी त्याने हात जोडले. काय अभिनय! लेलंडने त्याचीही नोंद केली.

मग ओरिनने बडवणं थांबवलं. तो वळला, कोपऱ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे खाली आले. बुटांभोवती बर्फाचं पाणी होतंच. ते वाढत गेलं.

लेलंडने पेन खाली ठेवलं. हा अभिनय नव्हता. त्याला इतकी लाज वाटली, की कान तापले. त्याने लाल बटण पुन्हा दाबलं, चार वेळा दाबलं, पण ते बटण फक्त बंद करणारं होतं.

बाहेर कर्मचारी जमू लागले होते, काचेला नाक लावून बघत होते. लेलंड बाजूच्या दाराने धावत बाहेर गेला, आपला कोट काढला आणि दोन्ही हातांनी काचेसमोर पडद्यासारखा धरून शर्टावरच बर्फात उभा राहिला.

“काही बघण्यासारखं नाही! मागे व्हा!”

“अगं बाई, म्हातारं माणूस!” हातात मफिनचं खोकं घेतलेली एक बाई कळवळली. “मी वरून खुर्ची आणि टॉवेल आणते!”

“आणा हो, लवकर आणा! ते बाजूचं दार उघडंच आहे!”

पंचवीस मिनिटांनी ग्रबोव्स्की आला आणि त्याने डबा उघडला. लेलंडने ओरिनच्या कमरेला कोट गुंडाळला. एवढ्यात ती बाई खाली आली. खुर्ची नाही, टॉवेल नाही, मफिनही नाहीत. ते वर वाटून झाले होते! तिने ग्रबोव्स्कीला कार्ड दाखवलं.

“सुरक्षा चाचणी. रक्षकाने जागा सोडली. दार उघडं टाकलं. पास विचारला नाही. वर ‘लवकर’ म्हणाला!”

“आणि हे ओरिन?” ग्रबोव्स्कीने विचारलं.

“हे आमचे नव्हेत.”

ग्रबोव्स्कीने लेलंडकडे बघितलं. “सुपरवायझरचं विसर. आधी यांना घरी सोडून ये.”

गाडीत ओरिन खिडकीबाहेर बघत होता. “माफ करा,” लेलंड म्हणाला. पुढच्या सिग्नलला पुन्हा म्हणाला. ओरिनने फक्त हीटर वाढवला.

ओरिनच्या घराचं दार त्याच्या बायकोने, व्हर्नाने उघडलं. “आलात? बरं झालं रे लेलंड, तू होतास! रोज पाचला उठून शर्ट चढवतात आणि घरभर येरझारा घालतात. शेवटी मीच म्हटलं, लेलंडकडे जा. तो तुम्हाला आत घेईल.”

“घेतलं ना!” ओरिन म्हणाला. “चांगला अर्धा तास होतो आत.”

“आणि ही पँट?”

“यानं कॉफी सांडली.”

“लेलंड! एवढा घोडा झालास, अजून धांदरटच!”

“हो वहिनी,” लेलंड म्हणाला. “हातून सुटली.”

“मग उद्याही पाठवते यांना. चालेल ना?”

“उद्या नको,” ओरिन घाईने म्हणाला. त्याने लेलंडकडे बघितलं नाही. “आता रोज नाही जमायचं. हा सुपरवायझर झालाय. त्याला वेळ कुठला!”

“अय्या! अभिनंदन!” व्हर्नाने लेलंडला मिठीच मारली, आत धावली, आणि ओरिनसाठी केलेला अख्खा सफरचंदाचा केक आणून त्याच्या हातात ठेवला. ओरिन तोवर भिंतीला धरत न्हाणीघराकडे निघाला होता. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून लेलंडने तो केक घेतला.