नेऱ्यातल्या भांडणाचं संवर्धन

जंगल वाचवण्याचे मान्यताप्राप्त मार्ग तीन आहेत : कायदा, जनजागृती आणि तारेचं कुंपण. पैकी कायदा पुस्तकात राहतो, जनजागृती भाषणानंतरच्या चहापाशी संपते आणि तार चोरीला जाते. चौथा मार्ग मात्र आजवर फसलेला नाही. तो म्हणजे दिवाणी दावा. अभ्यासकांनी या मार्गाकडे पाठ फिरवावी ही खेदाची बाब असून, तो खेद दूर करण्याचा मान मुळशी तालुक्यातल्या नेरे गावच्या भिवाजीकडे जातो. (भिवाजीला याचा पत्ता नव्हता. मान सहसा असाच मिळतो.)

भिवाजी आणि त्याचा धाकटा भाऊ नरहरी यांचा टेकडीला लागून एक सामायिक तुकडा होता. त्याला वरचं रान म्हणत. नरहरीच्या मुलीचं, शुभांगीचं, बारसं झालं त्या दिवशी सगळ्या गावाला घुगऱ्या मिळाल्या आणि भिवाजीपाशी येईतो पातेलं रिकामं झालं. "तुला मागनं देतो की, दादा," नरहरी म्हणाला. थोरल्या भावाला मागनं! भिवाजीने त्याच संध्याकाळी वाटणी मागितली, नरहरीने नाही म्हटलं, दोघंही कोर्टात गेले आणि निकाल लागेपर्यंत वरचं रान 'जैसे थे' ठेवावं असा हुकूम झाला. निकाल लागला नाही. दोन्ही घरांच्या मधे छातीएवढी भिंत मात्र लागलीच उभी राहिली, आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

हुकूम असल्यामुळे वरच्या रानात कुणाला फांदी तोडता येईना. ऐन वाढला, हिरडा वाढला, करवंदांच्या जाळ्या माजल्या. मोर आले. एक उदमांजर आलं, त्याने कुटुंबही आणलं. खाली माण-हिंजवडीकडे काचेच्या इमारती उगवत असताना इथे शुभांगीच्या वयाचं एक जंगल उभं राहिलं.

उरलेल्या शेतात भिवाजीने खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. त्यातल्या एका खोलीत परभणीची कल्पना आणि तिचा अकोल्याचा नवरा मनीष राहत. दोघंही आयटीत. सोमवार ते शुक्रवार ती कंपनीची असत आणि शनिवारी ग्रामीण संस्कृतीची. या शनिवारांतून २००८ साली 'मुळशी समाज-संस्कृती-निसर्ग संवाद समिती' जन्माला आली. परिसर घडवणाऱ्या माणसांशी संवाद साधायचा आणि त्याची पुस्तिका काढायची, असा उद्देश होता. तोवर समितीने घोटावड्याच्या एका पेटीवाल्याशी (पेटी दुरुस्तीला गेलेली होती, मुलाखत चार पानं) आणि सगळ्या रोगांवर एकच मुळी देणाऱ्या एका वैदूशी (मुलाखतीच्या दिवशी त्यांना ताप असल्याने ते डॉक्टरकडे गेले होते, त्यांच्या मुळीचा फोटो) संवाद साधला होता. मग खिडकीतून दिसणाऱ्या रानाकडे कल्पनाचं लक्ष गेलं.

"काका, हे जंगल तुम्ही एवढी वर्षं कसं राखलंत?"

"राखतोय कुटं? त्यो नऱ्या तोडू देत न्हाई," भिवाजी म्हणाला.

पुस्तिकेत हे 'कौटुंबिक सहमतीतून संपूर्ण वृक्षतोडबंदी' असं आलं.

"आणि राखण कोण करतं?"

"त्याच्या हातात कोयता दिसला की मी फौजदाराकडं जातोय. माज्या हातात दिसला की त्यो जातोय."

ही 'परस्पर देखरेखीवर आधारित लोकसहभागी गस्त' झाली. भिवाजीने नरहरीला उद्देशून काही खास शब्दही वापरले होते. ते 'लोप पावत चाललेलं बोलीधन' या सदरात परिशिष्टात गेले.

दोन्ही बाजू ऐकाव्यात म्हणून समितीने नरहरीचीही मुलाखत घेतली. इथे चूक झाली. पुढच्या शनिवारी भिवाजीच्या अंगणात मुलाखती टिपायचं ध्वनिमुद्रण यंत्र तपासताना कल्पनाच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि नरहरीचा आवाज बाहेर आला. "शुबांगीचं लगीन ठरलंय. दादानं यावं आसं लई वाटतंय. चुलता हाय त्यो. पर त्यानं एक शब्द टाकावा. मी धाकला, मला भ्या वाटतंय त्येचं."

भिवाजी कितीतरी वेळ उपरण्याने नाक पुसत बसला. नुसता आवाज ऐकून त्याचा जीव गलबलला होता. पोरीच्या डोक्यावर आपल्या हाताने अक्षता टाकायच्या, एवढीच त्याची इच्छा उरली होती, आणि ती त्याने आजवर बायकोलाही सांगितली नव्हती.

"त्याला म्हणावं, बोलाव. मी येतोय," तो यंत्राच्या जवळ तोंड नेऊन ओरडला. "आन दावा बी मागं घेतो. वाटणी काय ती करून टाकू."

समितीची तातडीची बैठक गच्चीवर भरली. परिस्थिती गंभीर होती. समेट झाला की वाटणी, वाटणी झाली की बिल्डर, बिल्डर आला की मोर गेले. अशी उदाहरणं आसपास ढिगाने होती. (कल्पना आणि मनीष यांनी माणला जो फ्लॅट बुक केला होता, ती जमीनही चार भावांत नुकताच समेट झाल्यामुळेच मोकळी झाली होती. समेटाचे दुष्परिणाम त्यांना जवळून माहीत होते.) शेवटी ठराव झाला की, भाऊबंदकी हा या भागातला अतिप्राचीन, रासायनिक खतांशिवाय वाढणारा वारसा असून त्याचं जतन करणं समितीचं कर्तव्य आहे.

समिती खोटं काही बोलली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. तिने फक्त काही वाक्यं जागेअभावी गाळली. "दादा काय म्हणाला का?" असं नरहरीने विचारलं तेव्हा मनीषने, झाडं चांगली वाढलीत असं म्हणाले, एवढं सांगितलं. "नऱ्या काय बोलला?" असं भिवाजीने विचारलं तेव्हा नरहरीकाकांनी चहा दिला, असं कल्पनाने सांगितलं. तेही खरंच होतं. शिवाय भांडण सुकू नये म्हणून ती अधूनमधून सहज विचारी, "काका, त्या घुगऱ्यांचं नेमकं काय झालं होतं हो?" रोपाला पाणी घालावं तसं.

भिवाजी वाट बघत राहिला. भिंतीपलीकडे मांडव पडला. हळदीची गाणी झाली. कुणी बोलवायला आलं नाही.

"अवो, भित्तीवरनं हाक मारा की. तोंड हाय न्हवं?" त्याची बायको गोजराबाई म्हणाली.

"मी निरोप धाडलाय. आता त्यानं बोलवायचं."

"आन त्यो पलीकडं ह्येच म्हणत बसला आसंल तर?"

"मंग बसू दे. मी थोरला हाय."

लग्नाच्या दिवशी सकाळीच समितीने भिवाजीला 'वनमित्र' पुरस्कार दिला : शाल, श्रीफळ आणि काचेचा मोर. (नरहरीला हाच पुरस्कार आदल्या आठवड्यात देण्यात आला होता. दोघांचा एकत्र सत्कार करणं पर्यावरणाच्या दृष्टीने धोक्याचं होतं.) भिवाजी ती नवीकोरी शाल अंगावर घेऊन भिंतीशी जाऊन उभा राहिला. पलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. गोजराबाईने त्याच्या हातात अक्षता दिल्या. "सावधान" ऐकू आलं की तो भिंतीवरून मूठभर अक्षता फेकी. त्या मांडवाच्या कापडावर पडत आणि तिथेच राहत. शेवटच्या वेळी त्याने इतक्या जोराने फेकल्या की शाल पलीकडे पडली. ती मागायला हाक मारावी लागली असती, म्हणून त्याने शालीवर पाणी सोडलं. नरहरीने ती उचलली, घडी केली, भिंतीवर ठेवली आणि मान खाली घालून मांडवात परत गेला. दोघांमधे हातभर अंतर होतं. समितीने हा क्षण टिपला असून तो पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे.

पुस्तिकेचं सगळीकडे कौतुक झालं. वरच्या रानात आता खवले मांजरही दिसल्याचं बोललं जातं. दावा व्यवस्थित चालू आहे.

हे वाचून समितीचा राग आला असेल, तर तो साहजिक आहे. जरूर करावा, राग करायला दुसरं कुणी सापडलं की बरं वाटतं. पण एक विचारायचं राहिलं. ज्या भावाशी, नाहीतर बहिणीशी, तुम्ही गेली कित्येक वर्षं बोललेला नाही, त्यांचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहे. मधे भिंत नाही, निरोप गाळणारं कुणी नाही. तरी पहिला फोन तिकडून यावा म्हणून तुम्ही थांबला आहात. भिवाजीच्या हट्टातून निदान मोर तरी आले. तुमच्याकडे काय आलं?